बाळाच्या फोटोशूटसाठी लाइट घ्यायला आलात? बिल करायच्या आधी हे वाचा

लग्नाचा सीझन संपला की आमच्या दुकानात हा प्रश्न हमखास येतो, "दादा, बाळाचे फोटो करायला सुरुवात करतोय, कुठला लाइट घेऊ?" बरेच जण तर मोबाइलवर व्हिडिओ बघून तीन लाइट, रिंग लाइट, बॅकग्राउंड स्टँड अशी यादीच घेऊन येतात. यादीतलं सगळं आमच्याकडे आहे, विकायला काहीच हरकत नाही, पण त्यातलं निम्मं सामान तुमच्याकडे नुसतं पडून राहील, म्हणून हे पत्रक काढलंय.

आधी शूट कुठं होणार ते बघा. मुटकुळं करून गाढ झोपलेल्या बाळाचे फोटो साधारण ५ ते १४ दिवसांचं असताना चांगले मिळतात, नंतर बाळ हातपाय ताणायला लागतं आणि जरा हात लावला की जागं होतं. आणि आपल्याकडे नेमकी तेव्हा बाळंतीण माहेरी असते, सव्वा महिना बाहेर पडायचं नाही, मधेच बारशाची गडबड, त्यामुळे बहुतेक वेळा तुम्हालाच घरी जावं लागतं. म्हणजे लाइट निवडायचा तो बाळंतिणीच्या खोलीसाठी. दहा बाय बाराची खोली, पडदे ओढलेले, भिंती पोपटी नाहीतर गुलाबी, पंखा बंद, निम्मी जागा पलंगाने खाल्लेली आणि वर ट्यूबलाइट. या खोलीत तीन स्टँड उभे राहतच नाहीत.

त्यामुळे आमचं म्हणणं एकच, लाइट एक घ्या पण त्याच्यापुढचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी पांढऱ्या कापडाची पेटी, मोठा घ्या. ९० ते १२० सेंटीमीटरचा ऑक्टा (आठ कोनी सॉफ्टबॉक्स) बाळापासून साधारण एक मीटरवर ठेवला की सावल्या अलगद विरतात, तोच दोन मीटरवर नेला की बाळावर पडणारा उजेड पाव होतो आणि सावल्यांची कडही टोकदार होते. १५० चा ऑक्टा दिसायला भारी पण या खोलीत फिरवता येत नाही. लाइटला लावायची छत्री स्वस्त पडते हे खरं, पण ती उजेड सगळीकडे उधळते, मग पोपटी भिंतीचा रंग बाळाच्या गालावर येतो आणि तो एडिटिंगमध्ये काढता काढता रात्र जाते.

आता फ्लॅश की एलईडी. दोन्ही चालतं. एलईडी घेतलात तर ६० वॉटचा पुरतो, सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९५ च्या वरचा बघा, कारण नवजात बाळाची कातडी लालसर, कुठे सोलवटलेली, हातपाय जरा निळसर, आणि हलक्या लाइटमध्ये हे सगळे रंग मातकट दिसतात. फायदा हा की जे दिसतं तेच फोटोत येतं, तोटा हा की अंधाऱ्या खोलीत एकदम लावला की बाळ डोळे मिटून कपाळाला आठ्या घालतं, म्हणून अगदी कमीवर सुरू करून हळूहळू वाढवायचा. फ्लॅश घेतलात तर २०० वॉट-सेकंदाचा (हे फ्लॅशच्या ताकदीचं माप) बॅटरीवाला भरपूर झाला, १/१६ पॉवरच्या आसपास काम होतं, वायर नाही, लाइट गेली तरी शूट थांबत नाही आणि लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर एका फेरीत सामान वर जातं. पण घरून निघतानाच त्याचा बीप, म्हणजे चार्ज झाला की वाजणारा आवाज, बंद करा! माझ्या भाचीच्या वेळी मी हे विसरलो होतो, पाऊण तास थोपटून झोपलेली पोरगी पहिल्याच बीपला दोन्ही हात फेकून दचकली, आणि मग पुढचा दीड तास काहीच झालं नाही.

आजी म्हणणारच, "फ्लॅशने डोळे जातील हो लेकराचे." साध्या कॅमेरा फ्लॅशने बाळाचे डोळे खराब होतात याला डॉक्टरी आधार नाही, हे त्यांना शांतपणे सांगा, सॉफ्टबॉक्समधून उजेड कसा पडतो ते स्वतःच्या तळहातावर पाडून दाखवा. तरी मन मानत नसेल तर खिडकीपाशी पांढरी चादर लावून शूट करा. घरच्यांचं मन राखणं आधी.

लाइट ठेवायची जागा मात्र चुकवू नका. बाळ घड्याळात झोपलंय, डोकं १२ वर आहे असं समजा, लाइट १० किंवा २ वर ठेवायचा, पायाकडून कधीच नाही. नाकाची सावली खाली ओठाकडे पडली की बरोबर, कपाळाकडे चढली की चेहरा भेसूर दिसतो. लाइटचा मधला भाग थेट बाळावर न रोखता जरा पुढे काढा, कडेचा उजेड जास्त मऊ असतो. घरी एखादी बाहुली दुपट्यात गुंडाळून संध्याकाळभर सराव करा.

आणि खोलीतली ट्यूब, बल्ब सगळं बंद. हलक्या एलईडी बल्बचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, डोळ्याला कळत नाही पण फोटोत आडवे पट्टे येतात, सायलेंट शटर (कॅमेऱ्याचा बिनआवाजाचा मोड) लावलं तर जास्तच. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंग बरोबर दाखवण्याची सेटिंग, ग्रे कार्डवर (राखाडी रंगाचं कार्ड) सेट करा. कार्डावर बरोबर असूनही बाळ पिवळं दिसत असेल तर रंग सुधारत बसू नका, घरच्यांना सांगा, डॉक्टरांना दाखवू देत.

लेन्सवर फार खर्च नको, ५० एमएम एफ १.८ ने सुरुवात होते, बोटं-पापण्यांसाठी पुढेमागे १०० एमएमची मॅक्रो (अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी लेन्स) भाड्याने न्या. वरून फोटो काढताना कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात पाहिजेच पाहिजे.

सँडबॅग (स्टँड पडू नये म्हणून त्याच्या पायावर ठेवायची वाळूची पिशवी) आम्ही स्टँडबरोबर देतो आणि ती नको म्हणणाऱ्याला बाळाच्या शूटसाठी स्टँड भाड्याने देत नाही, यात घासाघीस नाही. वायर असेल तर जमिनीला टेपने चिकटवा. हातावर हनुवटी टेकवलेली ती बेडकासारखी पोझ दोन फोटो जोडून केलेली असते, दोन्ही वेळा कोणीतरी डोकं नाहीतर मनगट धरलेलं असतं, ते न शिकता कोणी करू नये. उघड्या बाळासाठी खोली २६ ते २८ डिग्री ठेवा, हीटर लांब, झोत अंगावर नको. मे महिन्यात उलटं, खोली मुळातच तापलेली असते, तेव्हा बाळाला गुंडाळायचे लोकरीचे रॅप घरीच ठेवा आणि मधून मधून बाळाच्या मानेमागे हात लावून घाम बघा.

दुकानात येताना त्या खोलीचा एक फोटो मोबाइलवर काढून आणा, ज्या वेळेला शूट करणार त्याच वेळचा, ट्यूब बंद करून. खिडकी कुठल्या बाजूला आणि भिंत कुठल्या रंगाची ते दिसलं की कुठला लाइट न्यायचा, की मुळात न्यायचाच नाही, ते लगेच सांगतो.