किनाऱ्याखालून समुद्राला मिळणारे पाणी

नदी समुद्राला मिळताना दिसते, भूजल दिसत नाही. त्यामुळे ते बरीच वर्षे हिशेबाबाहेरच राहिले. १९९६ साली सागरवैज्ञानिक विलार्ड मूर यांनी अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगतच्या समुद्रात रेडियम-२२६ हे किरणोत्सारी मूलद्रव्य मोजले, तेव्हा नद्यांच्या पाण्याने आणि गाळाने उलगडा होणार नाही इतके ते भरले. त्यांच्या अंदाजाने तिथे भूजलाचा ओघ नद्यांच्या ओघाच्या सुमारे ४० टक्के होता. यातले सगळे पाणी गोडे नव्हे. भरती-लाटांनी वाळूत शिरलेले समुद्राचे पाणीही त्यात असते, पण ते परतते तेव्हा त्याचे रसायन पालटलेले असते.

मॅसॅच्युसेट्समधील वाक्वॉइट उपसागराच्या काठावर वाळूचे नमुने खोलवरून काढले, तर दाणे पिवळे-तांबूस निघतात. भूजलातले विरघळलेले लोह तिथे गंजून दाण्यांवर बसते आणि फॉस्फेट धरून ठेवते. म्हणूनच नमुना हवा लागण्याआधी गाळून घ्यावा लागतो. नाहीतर लोह बाटलीतच गंजते, फॉस्फेट ओढून घेते आणि आकडा खोटा कमी येतो. नायट्रेट मात्र असे अडकत नाही. प्राणवायू असलेल्या वाळूतून सेप्टिक टँकचे नायट्रेट थेट खाडीत पोचते, शैवाल माजते आणि त्याच्या सावलीत तळाचे सागरी गवत मरते.

मोजणीला रेडियमच का? गोड्या पाण्यात ते दाण्यांना चिकटून असते आणि खारे पाणी लागताच सुटते. बोटीवर दहा-वीस नव्हे, शंभरेक लिटर पाणी मँगनीज डायऑक्साइड चढवलेल्या ॲक्रिलिक तंतूंमधून सोडतात, मिनिटाला एक लिटरहून कमी वेगाने. घाई केली की रेडियम निसटते. मग तंतू रेडियमविरहित गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढायचे आणि जास्तीचे पाणी पिळायचे. रेडियमचा क्षय होताना रेडॉन वायू निघतो आणि त्यावरूनच रेडियम मोजतात. म्हणून ओलावा बेताचाच हवा: फार ओले किंवा फार कोरडे तंतू हा वायू नीट सोडत नाहीत. रेडियम-२२४ या प्रकाराचे अर्धायुष्य (निम्मे उरायला लागणारा काळ) ३.६६ दिवस, त्यामुळे पहिली मोजणी लगेच उरकावी लागते. काही आठवड्यांनी पुन्हा मोजून तंतूंवर अडकलेल्या थोरियमपासून उपजलेला वाटा वजा करतात.

पुढचे गणित सोपे. समुद्रातल्या जादा रेडियमला पाणी तिथे टिकते त्या काळाने भागायचे, मग भूजलातल्या रेडियमच्या प्रमाणाने. घोळ होतो तो या शेवटच्या आकड्यात. एकाच पुळणीवर काही मीटरच्या अंतराने तो कितीतरी पटींनी बदलतो. एकाच विहिरीच्या नमुन्यावर काढलेल्या ओघावर म्हणूनच विसंबू नये. खारट, मचूळ आणि गोडे अशा तिन्ही पट्ट्यांत नळ्या ठोकून नमुने घेतले, तरच उत्तर धरवते.