चाळिसाव्या माकड-विषाणूचं भूत

कोविडच्या एमआरएनए लशीमुळे (एमआरएनए म्हणजे पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना देणारा रेणू) कॅन्सर होतो, असं सांगणाऱ्या बहुतेक व्हिडिओंत कधी ना कधी ‘एसव्ही४०’ हा शब्द येतोच. या शब्दाला घाबरण्यामागे खरा इतिहास आहे. १९५०च्या दशकात पोलिओच्या लशीसाठीचा विषाणू माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवत. त्या पेशींत आणखी एक पाहुणा दडून बसला होता, तो १९६० साली सापडला. माकडांत सापडलेला चाळिसावा विषाणू, म्हणून नाव एसव्ही४०. हॅमस्टरला तो टोचला की गाठी व्हायच्या. १९५५ ते १९६३ या काळात एक ते तीन कोटी अमेरिकनांच्या शरीरात तो गेला असावा, असा अंदाज आहे. पुढे या लोकांवर अनेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं, पण त्यांच्यात कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही.

२०२३ साली केव्हिन मॅककर्नन या अमेरिकी जनुकतज्ज्ञाने एमआरएनए लशीच्या कुप्या तपासल्या. त्यांत डीएनएचे तुकडे सापडले आणि फायझरच्या लशीत एसव्ही४०चाही एक तुकडा निघाला. तुकडे सापडले यात नवल नाही. एमआरएनए बनवायला डीएनएचा साचा लागतो आणि तो जिवाणूंत वाढवतात. काम झालं की विकराने (एन्झाइमने) त्याचा भुगा करतात, तरी थोडा चुरा उरतोच. हा तुकडा विषाणूचं ‘बटण’ आहे, जनुक चालू करणारं. गाठी घडवणारं प्रथिन ज्या जनुकातून बनतं, ते जनुक त्यात नाही. पण कंपनीने या तुकड्याचा वेगळा उल्लेख केला नव्हता, हे कॅनडाच्या आरोग्य खात्याने मान्य केलं. टीकाकारांची ही तक्रार मला रास्त वाटते.

खरी मारामारी आहे ती प्रमाणावर. लशीतला डीएनए मर्यादेपेक्षा जास्त आहे, असा टीकाकारांचा दावा. मर्यादा आहे एका डोसाला १० नॅनोग्रॅम डीएनए. फायझरच्या मोठ्यांच्या डोसात एमआरएनए ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्या मर्यादेच्या तीन हजारपट. मोजणीसाठी वापरतात तो चमकणारा रंग आरएनएलाही थोडा चिकटतो. समोर तीन हजारपट आरएनए असताना एवढं चिकटणंही आकडा फुगवायला पुरे.

ही मर्यादा उघड्या डीएनएसाठी होती, इथे तो मेदाच्या अतिसूक्ष्म वेष्टणातून पेशीत शिरतो, हा टीकाकारांचा मुद्दा मात्र विचार करण्याजोगा आहे. तरीही पेशीत शिरणं वेगळं, केंद्रकात जाऊन जनुकांत घुसणं वेगळं, आणि नेमक्या जागी घुसून कॅन्सर करणं तर फारच वेगळं. शिवाय फुप्फुसात किंवा स्तनात गाठ तयार व्हायला सहसा वर्षानुवर्षं लागतात. लशीनंतर दोन महिन्यांत दिसलेली गाठ बहुधा आधीपासूनच होती. (तरुण मुलांत क्वचित होणारा हृदयस्नायूचा दाह हा लशीचा सिद्ध झालेला धोका. त्याची चर्चा मात्र या गदारोळात मागे पडते.)

हे व्हिडिओ आपल्या गावाकडच्या ग्रुपवरही फिरतात. आपल्यापैकी बहुतेकांनी घेतली ती पुण्यात बनलेली कोविशील्ड. ती एमआरएनए लस नव्हेच. तिच्या एका डोसात पाच हजार कोटी विषाणू-कण आणि प्रत्येकात डीएनए. हिशेब मांडला तर सुमारे दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे त्या १० नॅनोग्रॅमच्या जवळपास दोनशेपट. आणि तो केंद्रकात पोचावा, अशीच तिची रचना आहे. म्हणजे डीएनएच्या प्रमाणाचीच भीती असेल, तर व्हिडिओंनी आधी हिच्याबद्दल बोलायला हवं होतं.