‘एज’ या दोन अक्षरांमागचा इतिहास

अमेरिकन फुटबॉलमध्ये व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. ड्राफ्टच्या कुठल्याही यादीत आज ‘एज’ असा रकाना असतो, म्हणजे बचावाच्या कडेवरून क्वार्टरबॅकवर, पास फेकणाऱ्या खेळाडूवर, धावून जाणारा. वीस वर्षांपूर्वी तो नव्हता. त्याच अंगकाठीच्या, त्याच चालीच्या पोराला तेव्हा ‘ट्वीनर’ म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत नसत. डिफेन्सिव्ह एंड (बचावाच्या पहिल्या फळीतला टोकाचा खेळाडू) म्हणून हलका, लाइनबॅकर (त्या फळीमागे उभा राहणारा) म्हणून जड, म्हणजे ना धड इकडचा ना धड तिकडचा, असा तो शेरा होता. कॉलेजच्या बचावपटूचं भवितव्य जोखण्याचा इतिहास बघताना मला हा शेरा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याच्यामुळे चांगली पोरं खालच्या क्रमांकावर घसरली, आणि पुढे पगारही त्यावरच अडले.

फार मागे जायची गरज नाही. 1936 च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला, तेव्हा फळ्यावर 90 नावं होती. त्यात निव्वळ बचावपटू असा कोणी नव्हताच. तेच अकरा जण आक्रमणात आणि तेच बचावात. व्यावसायिक लीगने खेळाडूंची अमर्याद बदली 1950 मध्ये कायमची खुली केली, कॉलेजांनी 1960 च्या दशकाच्या मध्यावर. त्यानंतरच फक्त बचावात मुरलेला खेळाडू स्काउटांपुढे, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांपुढे, येऊ लागला.

खरी कलाटणी 1978 ची. त्या वर्षी रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, पाच यार्डांपलीकडे धरण्या-ढकलण्यावर बंधन आलं आणि ब्लॉक करणाऱ्याला, म्हणजे बचावपटूला अडवणाऱ्याला, हात लांब करून, पंजे उघडे ठेवून रेटण्याची मुभा मिळाली. पास फेकणं सोपं झालं, आणि साहजिकच चेंडू हातातून सुटण्याआधी क्वार्टरबॅकला गाठणाऱ्या माणसाचा भाव चढला. 1981 मध्ये न्यूयॉर्कच्या एका संघाने दुसऱ्याच क्रमांकावर नॉर्थ कॅरोलायनाचा आउटसाइड लाइनबॅकर उचलला. प्रतिस्पर्ध्यांना आपली ब्लॉकिंगची रचनाच त्याच्यासाठी बदलावी लागली. गंमत म्हणजे त्याच्या पहिल्या हंगामातले साडेनऊ सॅक (चेंडू सुटण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) अधिकृत खात्यात नाहीत, कारण सॅकची अधिकृत मोजणी सुरू झाली 1982 पासून. कॉलेजच्या बचावपटूंची अधिकृत आकडेवारी तर 2000 सालापासूनची.

हे नीट लक्षात घ्यायला हवं. आक्रमणातल्या खेळाडूचे यार्ड आणि टचडाउन दशकानुदशकं कागदावर होते. बचावपटूच्या बाबतीत स्काउटच्या हाती होती फिल्म, प्रशिक्षकांचा शब्द आणि स्वतःची नजर. अशा वेळी स्टॉपवॉच आणि मापाची टेप हातात आली की माणूस त्यांनाच घट्ट धरतो. 1982 मध्ये टॅम्पात आणि 1987 पासून इंडियानापोलिसमध्ये भरणाऱ्या सामूहिक चाचण्या मुळात वैद्यकीय तपासणीचा खर्च वाटून घेण्यासाठी होत्या. हळूहळू त्यातली 40 यार्डांची धावच मुख्य कार्यक्रम होऊन बसली.

बचावाच्या कडेवर उभा राहणारा खेळाडू 40 यार्ड सरळ धावतो कधी? फार क्वचित. त्याचं काम पहिल्या दहा यार्डांत होतं किंवा फसतं. त्याला जवळची चाचणी म्हणजे तीन शंकूंची: पाच-पाच यार्डांवर काटकोनात तीन शंकू, मधे वळणं, आणि सात सेकंदांच्या आसपास सगळा खेळ खलास. स्काउट त्यात घड्याळापेक्षा पोराचा आतला खांदा बघतात. वळताना तो जमिनीकडे झुकतो, की उभ्याउभ्याच गोल फिरतो? सामन्यात दीडशे किलोचा टॅकल, म्हणजे समोरचा अडवणारा, अंगावर रेलत असताना घोटा मुडपून, हात जवळजवळ गवताला लावत कडेवरून वळता येतं की नाही, त्याचा अंदाज त्या झुकण्यात असतो. 102 किलोचा बार छातीवरून किती वेळा उचलला, यातून तो येत नाही.

1995 मध्ये बोस्टनच्या एका कॉलेजचा पोरगा चाचणीतले प्रकारच घोटून घोटून इंडियानापोलिसला गेला आणि सगळ्यांचे डोळे दिपले. फिलाडेल्फियाने आपला बारावा क्रमांक आणि दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी देऊन सातवा क्रमांक मिळवला तो त्याच्यासाठी. टॅम्पाने त्या बाराव्यावर जो डिफेन्सिव्ह टॅकल (बचावाच्या पहिल्या फळीत मधे खेळणारा) घेतला, तो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. तेव्हापासून ‘चाचणीतला वाघ’ म्हटलं की त्या पोराचं नाव निघतं. मला हा अन्याय वाटतो. त्याने साडेएकतीस सॅक केले, म्हणजे तो टाकाऊ नव्हता. चूक किंमत लावणाऱ्यांची होती.

उलटं उदाहरण 2003 चं. ॲरिझोनातल्या एका विद्यापीठाच्या एंडने 2002 च्या हंगामात 24 सॅक केले, तो कॉलेजचा विक्रम. मग वसंतात त्याची 40 यार्डांची वेळ 4.8 सेकंदांच्या पलीकडे गेली आणि कुजबुज सुरू झाली: हा हळू आहे, याला जागा कुठली द्यायची? तो दहाव्या क्रमांकापर्यंत घसरला. बाल्टिमोरने त्याला घेतलं, उभं राहून खेळणारा लाइनबॅकर केलं, आणि पहिल्याच हंगामात त्याने 12 सॅक केले. कारकीर्द संपली तेव्हा आकडा 139 होता.

पाच वर्षांनी त्याच खेळाडूवरून तो शेरा पैशांत उतरला. 2008 मध्ये संघाने त्याला फ्रँचायझी टॅग लावला, म्हणजे करार संपत असताना ठरलेल्या रकमेवर एका वर्षासाठी संघातच ठेवलं, ते लाइनबॅकर म्हणून. टॅगची रक्कम जागेप्रमाणे ठरते आणि तेव्हा डिफेन्सिव्ह एंडची रक्कम जास्त होती. खेळाडूचं म्हणणं होतं की मी निम्म्याहून अधिक वेळ एंडचंच काम करतो. तक्रार दाखल झाली आणि तडजोड निघाली ती दोन आकड्यांच्या मधली. 2020 मध्ये त्याच संघात दुसऱ्या खेळाडूबाबत पुन्हा हेच: लाइनबॅकरचे सुमारे 1 कोटी 58 लाख डॉलर, एंडचे 1 कोटी 78 लाख, ठरले 1 कोटी 68 लाख. आपल्याकडे कबड्डीत उजवा कोपरा म्हणजे उजवा कोपरा. उभं राहायच्या जागेच्या नावावरून कोणी वीस लाख डॉलरचा वाद घालत नाही. इथे तो घातला गेला, आणि माझ्या मते खेळाडूंची बाजू रास्त होती. एक हात जमिनीला टेकून सुटलास की उभ्याने सुटलास, यावर क्वार्टरबॅकला गाठण्याचं मोल बदलत नाही.

जागा बदलल्याचा फटका मात्र खरा असतो. 2008 मध्येच ओहायोच्या एका एंडला न्यूयॉर्कच्या दुसऱ्या संघाने सहाव्या क्रमांकावर घेतलं. कॉलेजात 14 सॅक, चाचणीत बार 37 वेळा उचललेला, म्हणजे दोन्ही बाजू भक्कम. त्याला 3-4 मध्ये (पुढच्या फळीत तीन, मागे चार लाइनबॅकर अशी बचावाची रचना) लाइनबॅकर केलं. तीन हंगामांत सॅक शून्य.

‘एज’ हा शब्द या सगळ्यावरचा उतारा म्हणून रुळला: पवित्रा विचारू नका, काम सांगा. पण कामावरही एकमत नाही, हे 2022 मध्ये दिसलं. मिशिगनच्या एजने 14 सॅकचा आपल्या विद्यापीठाचा विक्रम केला होता. जॉर्जियाच्या एजचे सहा. मिशिगनवाल्याचे हात 32 इंचांच्या थोडे वर, जॉर्जियावाल्याचे साडेपस्तीस, आणि 272 पौंड वजनावर 40 यार्ड 4.51 सेकंदांत. जॅक्सनव्हिलने पहिल्या क्रमांकावर जॉर्जियाचा घेतला, डेट्रॉइटने दुसऱ्यावर मिशिगनचा. जॅक्सनव्हिलची बाजू अगदीच लंगडी नव्हती. जॉर्जियाचे पाच बचावपटू त्या वर्षी पहिल्याच फेरीत गेले. अशा फळीत तो पोरगा बरेचदा आत उभा राहून चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवण्याचं काम करत होता, सॅक दुसऱ्यांच्या वाट्याला जात होते. तरी माझं माप डेट्रॉइटच्या पारड्यात. 2024 अखेर जॅक्सनव्हिलच्या खेळाडूचे 24 सॅक होते, डेट्रॉइटच्या खेळाडूचे साडेअठ्ठावीस, आणि तेही त्या वर्षी पाच सामन्यांत साडेसात सॅक करून पाय मोडून घेतल्यावर.

टॅगच्या गटांत ‘एज’ मात्र आलेला नाही. लीग आणि खेळाडू संघटना यांच्या 2020 च्या सामूहिक करारानंतरही एंड वेगळा, लाइनबॅकर वेगळा. फक्त पारडं फिरलं आहे. सगळ्यात महागडे काही एज कागदावर लाइनबॅकर असल्यामुळे 2022 मध्ये लाइनबॅकरची रक्कम 1 कोटी 87 लाखांवर गेली आणि एंडची सुमारे 1 कोटी 79 लाखांवर राहिली. 2008 मध्ये ज्या नावाविरुद्ध तक्रार झाली, तेच नाव आता जास्त पैसे देतं.