हँडलिंग चार्जेस (वाहनविक्री, नाशिक)

हँडलिंग चार्जेस : नवीन वाहन विकताना एक्स-शोरूम किंमत, रस्ता कर, नोंदणी शुल्क आणि विमा यांखेरीज वितरक जी जादा रक्कम घेतो, तिचे बाजारातील नाव. कोटेशनवर ती कधी ‘लॉजिस्टिक’, कधी ‘फाइल चार्ज’, तर कधी नुसतीच ‘आरटीओ खर्च’ म्हणून दिसते. सरकारी शुल्काच्या कोणत्याही तक्त्यात तिला जागा नाही.

नाशिकची वाहने ‘एमएच १५’ या क्रमांकाने नोंदली जातात. प्रादेशिक परिवहन कार्यालय पंचवटीत पेठ रस्त्यावर आहे. मालेगावची मालिका वेगळी, ‘एमएच ४१’. खरेदीची गर्दी दसरा आणि गुढीपाडव्याला उसळते. मुहूर्तावर गाडी दारात हवी असलेला माणूस कोटेशनच्या पोटात शिरत नाही, तो ‘ऑन-रोड किती?’, म्हणजे सगळे धरून किती, एवढेच विचारतो. हँडलिंगची रक्कम नेमकी या एका आकड्यात दडते.

सरकारी देणी मात्र ठरलेली आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील डिसेंबर २०१६ च्या सुधारणेने मोटारसायकलच्या नोंदणीला ३०० रुपये आणि खासगी मोटारीला ६०० रुपये शुल्क ठरले. वाहनाच्या नोंदणीवर कर्जाचा बोजा चढवायचा असेल तर अनुक्रमे ५०० आणि १,५०० रुपये वेगळे. रस्ता कर राज्याचा. खासगी वाहनाला तो किमतीच्या टक्केवारीने एकदाच भरावा लागतो. या प्रत्येक भरण्याची पावती निघते. त्यामुळे ‘आरटीओ खर्च’ म्हणून घेतलेली रक्कम आणि पावत्यांची बेरीज यांतील फरक कोणालाही काढता येतो. पावत्या मागणारे थोडेच.

वितरकांची बाजू अशी की कागदपत्रे तयार करणे, माणूस पाठवणे, गाडी यार्डातून शोरूमपर्यंत आणणे याला खर्च येतोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हा युक्तिवाद बराच लंगडा झाला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ नुसार वितरकाच्याच राज्यात नोंदवायच्या नव्या वाहनासाठी अर्ज करणे ही आता वितरकाचीच जबाबदारी आहे आणि नोंदणी क्रमांक लावल्याशिवाय असे वाहन ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही. कारखान्यातून पूर्ण बांधून आलेल्या नव्या गाड्यांना तपासणीसाठी पेठ रस्त्यावर न्यावेही लागत नाही. काम ऑनलाइन होते. कायद्याने अंगावर टाकलेल्या कामाची मजुरी ग्राहकाकडून कशासाठी, याचे पटेल असे उत्तर मिळत नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेटही निर्मात्यानेच पुरवायची असते.

विम्याचा प्रश्न याला लागूनच येतो. नव्या मोटारीला तीन आणि दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थ (थर्ड पार्टी) विमा सप्टेंबर २०१८ पासून बंधनकारक आहे. तो शोरूममधूनच घेण्याचे बंधन मात्र नाही. ‘बाहेरचा विमा आणलात तर डिलिव्हरी लांबेल’ असे सांगणे म्हणजे ग्राहकाची निवड हिरावून घेणे होय.

दाद मागण्याच्या वाटा दोन. वितरकाचे व्यवसाय प्रमाणपत्र, म्हणजे ट्रेड सर्टिफिकेट, परिवहन कार्यालय देते आणि नियमभंग झाल्यास ते निलंबित वा रद्दही करू शकते. म्हणून तिथली लेखी तक्रार निव्वळ औपचारिक नसते. दुसरी वाट ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ची. बिल न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येत असल्याने मुंबईत गाडी घेतलेल्या निफाडच्या शेतकऱ्याला नाशिकचा आयोग पुरतो. वकील सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून पाहता येते. मात्र हँडलिंगची रक्कम रोख आणि बिनपावतीची दिली असेल, तर पुरावा उभा करणे जिकिरीचे होते.

सर्व्हिसिंगच्या मजुरीवर असे नियंत्रण नाही. वर्कशॉपने दर आपले आपण ठरवावेत. तिथे सुट्या भागांच्या पाकिटावरील एमआरपी तेवढी बांधील असते, आणि ती ओलांडल्यास तक्रार वैध मापनशास्त्र विभागाकडे करायची असते. पहिल्या ‘फ्री सर्व्हिस’मध्ये सहसा मजुरीच माफ असते, ऑइल आणि फिल्टरचे पैसे पडतात, जॉब कार्डवर, म्हणजे गाडीवर करायच्या कामांच्या नोंदपत्रावर, सही करण्यापूर्वी अंदाजपत्रक लिहून घेतलेले बरे.