जिन्यापर्यंत पोहोचण्याआधीची मिनिटं

आग लागली आहे आणि २० मजली वसतिगृह रिकामं करायचं आहे, असं धरा. दर मजल्यावर ४० विद्यार्थी, दोन जिने, प्रत्येक जिना १.१ मीटर रुंद. उतरताना माणसं भिंतीला आणि कठड्याला खेटून चालत नाहीत. दोन्ही बाजूंची मिळून साधारण ३० सेंटीमीटर जागा वायाच जाते. उरलेल्या ८० सेंटीमीटरमधून भर गर्दीत सेकंदाला सरासरी ०.८ माणूस पुढे सरकतो. म्हणजे ८०० जणांना दोन जिन्यांतून आठ-साडेआठ मिनिटं. एका जिन्यात धूर शिरला तर जवळपास सतरा.

सुटकेचे बहुतेक आराखडे या हिशेबापाशी थांबतात. पण आग रात्री लागली तर खरा वेळ खोलीतच जातो. आधी जाग यायला हवी, मग हे खरं आहे असं वाटायला हवं, मग चष्मा, चपला, फोन. यात दहा मिनिटं सहज जातात आणि तेवढ्यात कॉरिडॉर धुराने भरतो.

जाग येण्यापासून सुरुवात करू. नेहमीच्या स्मोक अलार्मचा आवाज ३,००० हर्ट्‌झच्या आसपासचा, कर्कश असतो. गाढ झोपेतली तरुण मुलं, दारू प्यायलेले आणि कमी ऐकू येणारे यांना ५२० हर्ट्‌झचा खालच्या पट्टीतला आवाज जास्त खात्रीने उठवतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. उशीपाशी तो निदान ७५ डेसिबल हवा. कॉरिडॉरमधला भोंगा कितीही मोठा असो, बंद दार त्यातले २० ते ३० डेसिबल खाऊन टाकतं. म्हणून भोंगा प्रत्येक खोलीत लागतो.

आणि उठूनही मुलं पुन्हा पांघरुणात शिरतात, कारण हा अलार्म रोजचाच झालेला असतो. अमेरिकेत सेटन हॉल विद्यापीठाच्या बोलंड हॉल या वसतिगृहात १९ जानेवारी २००० रोजी पहाटे आग लागली. त्याआधीच्या सप्टेंबरपासून तिथे १८ वेळा खोटे अलार्म वाजले होते. त्या पहाटेही अनेकांना तो तसाच वाटला. तीन विद्यार्थी दगावले. खोट्या अलार्मला किरकोळ कटकट समजणं ही माझ्या मते वसतिगृहातली सगळ्यात घातक चूक आहे. उपाय साधे आहेत: स्वयंपाकघरात धुराचा नव्हे, उष्णतेचा डिटेक्टर, बाथरूमच्या दाराला लागून डिटेक्टर नको, कारण वाफेनेही तो वाजतो, आणि प्रत्येक खोट्या अलार्मची डिटेक्टरच्या क्रमांकासह नोंद. एकच क्रमांक दोनदा आला की तो हलवायचा किंवा बदलायचा. डिटेक्टरवर मोजा किंवा प्लास्टिकची पिशवी चढवलेली दिसली तर रागावण्याआधी तो तिथे इतका का वाजतो ते बघावं.

आता दार. अग्निरोधक दाराच्या कडेला खाचेत एक पट्टी बसवलेली असते. ती तापली की फुगते आणि फट बुजवते. पण सुरुवातीचा धूर तेवढा गरम नसतो, तो अडवायला शेजारी ब्रशची किंवा रबराची वेगळी पट्टी लागते. रंगकाम करताना हीच रंगाने माखते आणि निकामी होते. दार आपोआप बंद करणारा वरचा डोअर क्लोझर ढिला असेल तर दार चौकटीपासून बोटभर अंतरावर अडतं, लॅच (कुलपाची खिट्टी) बसत नाही, आणि मग पट्ट्या असून उपयोग नाही. तपासणी सोपी: दार हातभर उघडून सोडा, आपोआप लॅचपर्यंत बंद झालं पाहिजे. स्वयंपाकघराचं दार उघडं राहावं म्हणून कायम बूट किंवा डंबेल लावलेलं दिसत असेल तर तिथे दार धरून ठेवणारा, अलार्मला जोडलेला चुंबक बसवावा; अलार्म वाजताच तो दार सोडून देतो. कॉरिडॉरमध्ये ई-स्कूटर चार्जिंगला लावू देऊ नये. लिथियम बॅटरी पेटली की सुटकेची वाटच बंद होते.

सगळी इमारत एकदम रिकामी करायची की आधी आगीचा आणि त्यावरचा मजला, हे भिंती, दारं आणि बाहेरचं आवरण आग किती वेळ अडवतील यावर ठरतं. ज्वलनशील आवरण असेल तर टप्प्याटप्प्याने उतरवणं धोक्याचं. उलट, जिन्यात पंख्याने हवेचा दाब राखला असेल तर सगळ्या मजल्यांची दारं एकदम उघडल्यावर तो पडतो आणि धूर आत येतो. आराखड्यात दोन्हींपैकी काय, हे स्पष्ट लिहिलेलं हवं.

पाय मोडलेला, दम्याचा, ऐकू न येणारा, अशा प्रत्येकासाठी स्वतंत्र कागद लागतो: कुठे थांबणार, खाली कोण आणणार, उशीखाली थरथरणारं पॅड आहे का. प्लॅस्टर चार आठवड्यांचं असलं तरी कागद हवाच.

सुटकेचा सराव, म्हणजे ड्रिल, सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत घ्यावी आणि एक जिना मुद्दाम बंद ठेवावा. घड्याळ लावून दोन वेळा नोंदवाव्यात: अलार्मनंतर प्रत्येक मजल्यावरचा पहिला माणूस जिन्यात कधी आला आणि शेवटचा कधी. पहिली वेळ मोठी असेल तर दोष अलार्मचा, दोन्हींतलं अंतर मोठं असेल तर जिन्याचा. बाहेर जमल्यावर हजेरीवर विसंबू नये, रात्री पाहुणे असतात. त्यापेक्षा प्रवेशद्वाराशी अग्निशमन दलासाठी पेटी ठेवावी: मजल्यांचे नकाशे, गॅस आणि विजेचे मुख्य व्हॉल्व्ह-स्विच कुठे आहेत ते, आणि मदत लागणाऱ्यांच्या खोल्यांची त्याच आठवड्याची यादी.