विमानाचे उत्थापन

हवेतल्या यानाचे वजन पेलून धरणाऱ्या, वरच्या दिशेने लागणाऱ्या बलाला उत्थापन म्हणतात. वैमानिकांच्या तोंडी मात्र ‘लिफ्ट’ हाच शब्द असतो. ते मिळवण्याच्या मुख्य वाटा दोन: हवेपेक्षा हलके होऊन तरंगायचे, किंवा जड राहून हवा सतत खाली लोटायची.

पहिली वाट जुनी. २१ नोव्हेंबर १७८३ रोजी पॅरिसमध्ये माँगोल्फिए बंधूंच्या बलूनमधून दोन माणसे मोकळ्या आकाशात उडाली. तत्त्व आर्किमिडीजचे: जितकी हवा बाजूला सारली जाते, तिच्या वजनाइतके बल वर लागते. १५° से. तापमानाला समुद्रसपाटीवर घनमीटरभर हवेचे वजन सुमारे १.२२ किलो असते. १०० अंशांपर्यंत तापवली की ०.९५ किलो. म्हणजे घनमीटरमागे उचल जेमतेम पाव किलोची. टोपलीत चारच माणसे असली तरी वरचा फुगा घरापेक्षा मोठा का लागतो, ते यावरून कळते. हेलियम घनमीटरला किलोभर उचलतो. हायड्रोजन किंचित जास्त, पण तो पेटतो; ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्ट येथे हायड्रोजनने भरलेले ‘हिंडेनबर्ग’ जळाले आणि अशा तरंगत्या प्रवासी हवाईजहाजांचा काळ संपला.

दुसरी वाट पंखाची, आणि तिच्याबद्दल एक चुकीची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली आहे. पंखाचा वरचा भाग फुगीर, म्हणून वरच्या हवेला रस्ता लांबचा; खालच्या हवेला मागच्या काठावर गाठायचे म्हणून ती वेगाने धावते, असे सांगतात. पण दोघींनी एकाच वेळी पोहोचावे असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. वातबोगद्यात, म्हणजे वारा सोडून पंख तपासण्याच्या बोगद्यात, धूर सोडून पाहिले, तर वरची हवा खालचीच्या आधीच पुढे निघून गेलेली दिसते. शिवाय फुगीर बाजूच सर्व काही असती, तर कसरतीची विमाने उलटी उडालीच नसती.

खरे कारण एसटीच्या खिडकीत कळते. धावत्या गाडीतून हात जरासा बाहेर काढून पंजाची पुढची कड किंचित उचलली, की हात आपोआप वर जातो. पंखही तसाच थोडा तिरका राहून हवेला खाली वळवतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने स्वतः वर ढकलला जातो. हवा वळताना पंखावरचा दाब घटतो, खालचा वाढतो. दाबातला फरक आणि खाली वळलेली हवा ही एकाच घटनेची दोन वर्णने आहेत. वेग दुप्पट झाला की उत्थापन चौपट होते. बोइंग ७४७-४०० उड्डाणाच्या वेळी सुमारे ३९७ टनांपर्यंत भरते आणि तिचे पंख सुमारे ५२५ चौरस मीटर. म्हणजे पंखाचा दर चौरस मीटर साडेसातशे किलो तोलतो.

पंखाचा हा तिरका कोन वाढवण्यालाही मर्यादा आहे. साधारण १५ अंशांपुढे हवा पंखाच्या पाठीला चिकटून राहत नाही, विस्कटते आणि उत्थापन कोसळते. हाच ‘स्टॉल’. इंजिन चालू असूनही तो होऊ शकतो. पंखाशेजारच्या खिडकीत बसलेल्याला उतरताना पंखाच्या मागच्या कडेतून पत्रे सरकत बाहेर येताना दिसतात. हे फ्लॅप कमी वेगातही विमान तोलून धरतात.

इंजिनाचे काम वेग देण्याचे, उचलण्याचे नव्हे. २४ ऑगस्ट २००१ रोजी अटलांटिकवर इंधन संपलेले एअर ट्रान्सॅटचे एअरबस ए-३३० दोन्ही इंजिने बंद असताना सुमारे १२० किलोमीटर तरंगत अझोर बेटांवर उतरले; आतले ३०६ जण बचावले. ग्लायडर तर इंजिनावाचूनच उडतो. उंची खर्चून तो वेग मिळवतो आणि तापलेल्या जमिनीवरून चढणाऱ्या हवेत घिरट्या घालून उंची परत कमावतो. घार पंख न हलवता हेच करते. पुण्याजवळ कामशेतच्या टेकड्यांवरून पॅराग्लायडर घेऊन माणसे या कलेचा सराव करतात.

हेलिकॉप्टरमध्ये विमान जागेवर राहते आणि पंखच फिरतात. इंजिन बंद पडले तरी खाली येताना लागणाऱ्या वाऱ्याने पाती फिरत राहतात, त्यामुळे कुशल वैमानिक ते सुखरूप उतरवू शकतो. गोव्यातील दाबोळीच्या ‘आयएनएस हंस’ तळावरून २०१६ पर्यंत उडालेली नौदलाची सी हॅरियर विमाने जेटचा झोतच खाली वळवून अधांतरी थांबत. तिथे पंखाचा उपयोग नसतो, सारे वजन इंजिनावर येते आणि इंधन भराभर जळते.

हवा विरळ झाली की उत्थापन घटते. मंगळावरील हवेची घनता पृथ्वीच्या सुमारे एक टक्का. म्हणून १९ एप्रिल २०२१ रोजी तिथे उडालेल्या १.८ किलोच्या ‘इन्जेन्युइटी’ हेलिकॉप्टरला टोकापासून टोकापर्यंत सव्वा मीटरच्या आसपास भरणारी पाती मिनिटाला सुमारे अडीच हजार वेळा फिरवावी लागली.