तांबडा उजेड आणि उसनी ऊर्जा

अंधारात मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर बोट दाबून धरा. बोट लालभडक दिसतं. निळा-हिरवा उजेड रक्तातल्या हिमोग्लोबिनने गिळला, तांबडा तेवढा आरपार आला.

उजेडाने रासायनिक अभिक्रिया घडवणाऱ्यांचं दुखणं नेमकं हेच. त्यांची मोठी भिस्त निळ्या एलईडीवर. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या फोटॉनकडे, म्हणजे उजेडाच्या एका कणाकडे, सुमारे २.७५ इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं माप) ऊर्जा असते. पण गडद द्रावणात तो कडेलाच संपतो आणि भांड्याच्या मधोमध काळोख. ७३० नॅनोमीटरचा, लाल-अवरक्ताच्या वेशीवरचा फोटॉन आत खोल पोचतो, पण त्याच्या खिशात १.७ च, अभिक्रियेला अपुरे. दिवा कितीही प्रखर करा, एकेका फोटॉनची ऊर्जा तेवढीच राहते.

मग उसनवारी करायची. हे मला फार आवडतं. प्लॅटिनम असलेला एक रंगद्रव्याचा रेणू लाल फोटॉन गिळतो आणि 'ट्रिप्लेट' अवस्थेत जातो. इथे दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन (इलेक्ट्रॉनाचा एक अंगभूत गुण) एकाच दिशेला असतात, त्यामुळे झटकन खाली उतरता येत नाही. साधी उत्तेजित अवस्था नॅनोसेकंदांत विझते; ही मायक्रोसेकंद, कधी त्याहून जास्त टिकते. तेवढ्यात ती ऊर्जा पेरिलीनसारख्या दुसऱ्या रेणूला देऊन टाकायची. असे दोन भारलेले पेरिलीन एकमेकांना भेटले, की एक आपला खिसा दुसऱ्याकडे रिकामा करून घरी जातो. दोघांपैकी कुणाकडेच तिकिटापुरते पैसे नव्हते, आता एकाचं तिकीट निघालं! वाटेत थोडी गळती होते, तरी उरलेली ऊर्जा निळ्या उजेडाइतकी भरते. याला ट्रिप्लेट फ्यूजन म्हणतात.

२०१९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे रोव्हिस व कॅम्पोस आणि हार्वर्डचे काँग्रीव्ह यांच्या गटांनी याच युक्तीने अवरक्त उजेडावर अभिक्रिया चालवून दाखवल्या. त्यात मिथाइल मेथॅक्रिलेटच्या रेणूंची साखळीही होती. अ‍ॅक्रिलिकची शीट बनते ती यातूनच.

  

या उसनवारीला एक पाकीटमार आहे: ऑक्सिजन. तो मुळातच ट्रिप्लेट. भेट व्हायच्या आतच तो ऊर्जा लांबवतो. म्हणून दिवा लावण्याआधी द्रावणातून आर्गॉनचे बुडबुडे सोडून त्याला हुसकावून लावावं लागतं.